सँडी कोफॅक्स : तिसाव्या वर्षी थांबलेला डावखुरा

केदार_पॅसाडेना

खेळाडूनं कधी थांबावं हा विषय निघाला की इथे शेवटच्या कसोटीत ९६ काढून निवृत्त झालेले गावसकर हमखास येतात. मला त्या चर्चेत आणखी एक नाव आणायचंय. लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा) सँडी कोफॅक्स.

१९६६ च्या मोसमात त्याच्या नावावर २७ विजय, ९ पराभव आणि ३१७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक टाकून बॅटरला बाद करणं) लागले. दर ९ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, पिचरच्या खात्यावर ज्या धावा पडतात त्यांना ईआरए म्हणतात. तो तीनच्या खाली असला की पिचर चांगला समजायचा. कोफॅक्सचा त्या वर्षी १.७३ होता. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमतानं त्यालाच, चार वर्षांत तिसऱ्यांदा. आणि १८ नोव्हेंबरला बेव्हर्ली विल्शायर हॉटेलात पत्रकारांना बोलावून त्यानं सांगितलं, की आता बास. वय वर्षं ३०.

कारण होतं डावा कोपर. डॉक्टरांनी संधिवात सांगितला होता. बेसबॉल संपल्यावरही बरीच वर्षं जगायचंय आणि ती धडधाकट शरीरानं जगायचीत, अशा अर्थाचं तो तेव्हा बोलला. बरेच जण याला शोकांतिका म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. त्याच्या हाताबद्दलचे निर्णय आधी सतत दुसरेच घेत होते. हा त्यानं स्वतः घेतला, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता.

मुळापासून सांगतो. जन्म ३० डिसेंबर १९३५, ब्रुकलिन. आईवडील वेगळे झाले, आईनं पुन्हा लग्न केलं, कोफॅक्स हे आडनाव सावत्र वडिलांचं. मुलाचं वेड बास्केटबॉलचं. सिनसिनाटी विद्यापीठात गेला तोही बास्केटबॉल खेळत. पण डाव्या हातात वेग असा, की ब्रुकलिन डॉजर्सनं डिसेंबर १९५४ मध्ये ६,००० डॉलर पगार आणि १४,००० डॉलर बोनस देऊन त्याला करारबद्ध केलं.

घोळ झाला तो त्या बोनसपायी. तेव्हा नियम असा होता, की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस घेतलेल्या नवख्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं. श्रीमंत संघांनी सगळी पोरं गोळा करून खालच्या लीगमध्ये डांबून ठेवू नयेत म्हणून केलेला हा नियम. परिणाम काय, तर ज्या वयात खालच्या लीगमध्ये रोज चेंडू टाकून, मार खाऊन शिकायचं, त्या वयात हा पोरगा मोठ्या संघाच्या बाकावर बसून राहिला. कधीतरी चेंडू हातात मिळायचा, मग जिवाच्या आकांतानं फेकायचा, नेम चुकायचा, की परत बाकावर. १९५५ ते १९६० ही सहा वर्षं अशी गेली. ३६ विजय, ४० पराभव. मधल्या काळात, १९५८ साली, संघच ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला आला. १९६० संपताना हा खेळ सोडायच्या विचारात होता.

मग १९६१ चा मार्च. ऑर्लँडोत एक सरावाचा सामना. सोबतच्या एका पिचरचं विमान चुकलेलं, त्यामुळे कोफॅक्सला जास्त इनिंग टाकाव्या लागणार होत्या. पहिल्याच इनिंगमध्ये ओळीनं वॉक देऊन (चार चेंडू बाहेर टाकले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो) त्यानं तिन्ही बेस, म्हणजे धाव घेतानाचे थांबे, भरून दिले. चेंडू झेलणारा कॅचर नॉर्म शेरी उठून त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, जरा जोर कमी कर, मारू दे त्यांना, नाहीतर दिवसभर आपण इथेच. कोफॅक्सनं हात सैल सोडला. पुढचे तिघे स्ट्राइकआउट. शेरीनं परत आल्यावर सांगितलं, की जोर न लावता तू जास्त वेगानं टाकलेस.

त्या मोसमात २६९ स्ट्राइकआउट झाले. डॉजर्स ज्या नॅशनल लीगमध्ये खेळायचे तिथला विसाव्या शतकातला क्रिस्टी मॅथ्यूसनचा २६७ चा विक्रम १९०३ पासून उभा होता, तो मोडला. पुढे १९६२ ते १९६६ सलग पाच वर्षं लीगमधला सगळ्यात कमी ईआरए त्याचाच. १९६३ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेच्या, पहिल्या सामन्यात न्यू यॉर्क यांकीजचे पहिले पाचही बॅटर स्ट्राइकआउट, एकूण १५. यांकीजचा योगी बेरा तेव्हा म्हणाला होता, की हा २५ सामने कसा जिंकला ते कळलं, पाच हरला कसा ते कळत नाही.

१९६५ ची वर्ल्ड सिरीज मिनेसोटा ट्विन्सशी. सातवा, निर्णायक सामना, १४ ऑक्टोबर. कोफॅक्सला मध्ये फक्त दोन दिवस विश्रांती मिळालेली. कर्व्हबॉल त्याचं मुख्य अस्त्र, वरून सरळ खाली कोसळणारा. त्या दिवशी तो पडतच नव्हता. कोपर इतका दुखत होता की मनगटाची झटकी बसेना. मग कॅचर जॉन रोझबोरोनं जवळजवळ नुसते फास्टबॉल मागितले. समोरच्याला पुढचा चेंडू कोणता ते ठाऊक, तरी पूर्ण ९ इनिंगमध्ये फक्त तीन हिट (बॅटर चेंडू मारून बेसवर पोचणं). २–० नं विजय, शेवटचा बॅटर बॉब अ‍ॅलिसन स्ट्राइकआउट.

ज्यांनी बेसबॉल कधी बघितला नाही त्यांनीही जरूर प्रश्न विचारा, जमेल तेवढं सांगेन.

शलाका

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. त्या नॉर्म शेरीचं कौतुक वाटलं, योग्य वेळी योग्य माणूस भेटणं म्हणजे हेच. इथे 'परफेक्ट गेम'चा उल्लेख अपेक्षित होता, आला नाही. तो म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे मुलगा सारखा बोलत असतो.

केदार_पॅसाडेना

शलाकाताई, बरं झालं विचारलंत. ९ इनिंग, दर इनिंगला ३ बाद, म्हणजे २७. हे सत्तावीसही बॅटर ओळीनं बाद करायचे. हिट नाही, वॉक नाही, क्षेत्ररक्षकाच्या चुकीनंसुद्धा कोणी पहिल्या बेसवर पोचायला नको. फक्त हिट दिली नाही तर तो 'नो-हिटर'. कोफॅक्सनं १९६२, १९६३, १९६४ असे दर वर्षी एक नो-हिटर टाकले, आणि चौथा ९ सप्टेंबर १९६५ ला शिकागो कब्जविरुद्ध, तो परफेक्ट गेम.

त्या रात्रीची गंमत अशी, की समोरच्या बॉब हेंडलीनंही फक्त एक हिट दिली होती. दोन्ही संघ मिळून अख्ख्या सामन्यात एकच हिट! डॉजर्सची एकमेव धाव त्या हिटवर आलीच नाही. लू जॉन्सनला वॉक मिळाला, पुढच्यानं चेंडू हळूच ढकलला (बंट) त्यावर तो दुसऱ्या बेसला गेला, तिसरा चोरला, म्हणजे फटका नसतानाच पळून गाठला, आणि कॅचरचा थ्रो भरकटला म्हणून घरी आला. १–०. कोफॅक्सनं आठव्या आणि नवव्या इनिंगमधले सहाच्या सहा बॅटर स्ट्राइकआउट केले. शेवटचा हार्वी क्यून. १९६३ च्या नो-हिटरमध्येही शेवटचा बाद झालेला तोच, तेव्हा जायंट्सकडून खेळत होता.

नवव्या इनिंगचं विन स्कलीचं रेडिओ समालोचन मिळालं तर अवश्य ऐका. लॉस एंजेलिसची माणसं तेव्हा ट्रान्झिस्टर घेऊन मैदानात यायची, डोळ्यांनी बघत असतानाही त्यांना स्कली कानात लागायचा. तो मधेमधे घड्याळातली वेळ सांगतो, प्रेक्षक २९,१३९ म्हणून सांगतो, आणि शेवटचा बाद झाल्यावर कितीतरी वेळ गप्प राहून नुसता गर्दीचा आवाज ऐकू देतो. मी तो भाग आजही अधूनमधून लावतो.

ऑफस्टंप

लेख आवडला, पण आकड्यांकडे जरा कठोरपणे बघायला हवं. १९६२ ला डॉजर स्टेडियम सुरू झालं, आणि ते पिचरसाठी वरदान होतं. रेषेबाहेरची फाउलची जागा भरपूर, त्यामुळे उडालेले चेंडू झेलले जायचे. रात्रीची हवा जड. पिचर ज्या उंचवट्यावरून टाकतो त्याची मर्यादा १५ इंच होती. त्यात १९६३ पासून स्ट्राइक झोन (ज्या पट्ट्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक धरतात) वर खांद्यापर्यंत वाढवला. त्या वर्षांत सगळ्याच लीगमध्ये धावा आटल्या होत्या. १९६८ मध्ये तर बॅटरांची इतकी दैना झाली, की १९६९ ला उंचवटा १० इंचांवर आणला आणि झोन पुन्हा आवळला. कोफॅक्सची शिखराची वर्षं नेमकी या खिडकीत बसतात. शिवाय अशी वर्षं पाच-सहाच. वॉल्टर जॉन्सन दोन दशकं टाकत होता. मग कोफॅक्सला कोणी 'सर्वश्रेष्ठ डावखुरा' म्हटलं, तर वॉरन स्पान या दुसऱ्या डावखुऱ्याचे ३६३ विजय कुठे ठेवायचे?

केदार_पॅसाडेना

ऑफस्टंप, मैदान, उंचवटा, झोन, तिन्ही मुद्दे खरे आहेत. पण तोच उंचवटा आणि तोच झोन लीगमधल्या बाकी पिचरांनाही मिळत होता, आणि त्यांच्यात पाच वर्षं ओळीनं हा पहिला आला. १९६६ मध्ये परक्या मैदानांवरही त्याचा ईआरए दोनच्या आत होता. वर्ल्ड सिरीजचे सामने तर यांकी स्टेडियमवर आणि मिनेसोटातही झाले. तिथला एकूण हिशेब ५७ इनिंग, ईआरए ०.९५. त्यात तीन पराभव आहेत, कारण त्याच्या संघाला धावा काढता यायच्या नाहीत.

स्पानबद्दल वाद नाही. दीर्घ पल्ल्याला स्पानच. एका सामन्यावर सगळं अवलंबून असेल तर मी चेंडू कोफॅक्सच्या हातात देईन.

अलिबागची_एस्थर

मी बेसबॉल बघत नाही, पण कोफॅक्सचं नाव आमच्या घरात माहीत आहे. आम्ही बेने इस्रायल. आजोबा-आजीचं सगळं आयुष्य अलिबागजवळ गेलं, नंतर ठाण्याला. योम किप्पूरला आजी दरफाळणीचा सण म्हणायची. पूर्ण उपास, पांढरे कपडे, दिवसभर सिनेगॉगमध्ये किंवा घरात, बाहेर कोणाशी व्यवहार नाही.

१९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना ६ ऑक्टोबरला होता आणि तोच दिवस योम किप्पूरचा. कोफॅक्स खेळला नाही. केदार, हे तुम्ही गाळलंत म्हणून लिहितेय. तो काही कर्मठ नव्हता, धर्माबद्दल फारसा बोलायचाही नाही. आधीही सणाच्या दिवशी त्यानं चेंडू टाकणं टाळलं होतं, पण वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याची गोष्ट वेगळी. १९३४ मध्ये डेट्रॉइटचा हँक ग्रीनबर्गही योम किप्पूरला खेळला नव्हता, तेव्हाच्या ज्यूंना त्याचा असाच आधार वाटला होता.

माझे मामा इस्रायलहून न्यू जर्सीला गेले. तिथे ऑफिसात सणाची सुट्टी मागताना त्यांच्या जिभेवर शब्द येत नसे. सहकाऱ्यांपैकी कोणीतरी त्यांना कोफॅक्सची गोष्ट सांगितली. मामा सांगतात, त्यानंतर सुट्टी मागताना मान खाली गेली नाही. कोणतंही भाषण न करता एक माणूस कामावर गेला नाही, आणि कितीतरी घरांत त्यामुळे पोरांना बळ आलं.

केदार_पॅसाडेना

एस्थरताई, तुम्ही लिहिलंत तसं मला लिहिताच आलं नसतं. मनापासून आभार. त्या सामन्यात कोफॅक्सच्या जागी डॉजर्सचाच दुसरा पिचर डॉन ड्रायस्डेल उतरला आणि डॉजर्स ८–२ नं हरले. मॅनेजर वॉल्टर अ‍ॅल्स्टन चेंडू काढून घ्यायला आला तेव्हा ड्रायस्डेल त्याला म्हणाला, मीही ज्यू असतो तर बरं झालं असतं असं तुला आत्ता वाटत असेल. दुसऱ्या दिवशी कोफॅक्स खेळला आणि तोही हरला. मग पाचवा सामना ७–० आणि सातवा २–०, दोन्ही त्याचे.

कामगार_मैदान

एक अख्खं प्रकरण राहिलंय, आणि माझ्या दृष्टीनं तेच सगळ्यात मोठं. १९६६ चा संप.

त्या काळी करारात 'रिझर्व्ह क्लॉज' असायचं. एकदा एका संघाशी सही केली की खेळाडू त्या संघाचाच. दुसरीकडे जायची सोय नाही, त्यामुळे पगार मालक देईल तो. जनरल मॅनेजर बझी बव्हासी कोफॅक्सला सांगायचा, ड्रायस्डेल तर इतक्यातच तयार आहे. ड्रायस्डेलला सांगायचा, कोफॅक्स तर एवढंच मागतोय. एका रात्री दोघं जेवायला बसले आणि खेळ उघडा पडला. दोघांनी ठरवलं, बोलणी एकत्रच करायची. मागणी तीन वर्षांसाठी दोघांना मिळून १० लाख डॉलर. आणि खेळाडू बोलणार नाहीत, त्यांच्या वतीनं वकील बोलेल. मालक वॉल्टर ओमॅलीला आकड्यापेक्षा हा वकीलच जास्त झोंबला असणार.

महिनाभर दोघं सराव शिबिराला गेलेच नाहीत. सिनेमात काम करायचे करार केले. शेवटी कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,००० डॉलरवर मिटलं. मागणीपेक्षा कमीच. पण त्याच वर्षी खेळाडू संघटनेनं पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेल्या मार्विन मिलरला नेमलं, आणि डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झच्या निकालानं रिझर्व्ह क्लॉजचा कणा मोडला. आजचे कोट्यवधींचे करार त्या निकालानंतरचे. दोन नावाजलेल्या खेळाडूंनी एकजूट करून दाखवली त्याचा यात वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फिजिओ_रेवती

कोपराबद्दल थोडं लिहिते, रोजचं काम तेच आहे.

डोक्यावरून जोरात फेकताना कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) ताणलं जातं आणि मागच्या बाजूला हाडावर हाड दाबलं जातं. हजारो वेळा हे झालं की कूर्चा झिजते, हाडाची टोकं वाढतात, सांध्यात पाणी भरतं. हात हळूहळू पूर्ण सरळ होईनासा होतो. कोफॅक्स १९६४ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या बेसकडे परत झेपावताना डाव्या कोपरावर आपटला. त्यानंतर थोड्याच दिवसांत १३ स्ट्राइकआउट घेतलेल्या सामन्याच्या दुसऱ्या सकाळी हात सरळच होईना. मोसम तिथेच संपला. १९६५ च्या सराव शिबिरात तर कोपरापासून काखेपर्यंत हात काळानिळा पडला, आत रक्तस्राव झाला होता.

संघाचे डॉक्टर रॉबर्ट केर्लन यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे असंच चाललं तर हात कायमचा निकामी होऊ शकतो. उपाय काय, तर सांध्यात कॉर्टिझोनची इंजेक्शनं. ब्युटाझोलिडिन या वेदनाशामकाच्या गोळ्या, ज्या घोड्यांनाही देतात आणि माणसांच्या पोटाला आणि रक्ताला घातक म्हणून पुढे मागे पडल्या. सामन्याआधी कॅप्सोलिन नावाचं मिरचीच्या अर्काचं मलम, इतकं जहाल की इतरांना सोसवत नसे. सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्यात, त्वचा गोठू नये म्हणून टायरच्या ट्यूबची बाही चढवून.

एवढं करून दोन वर्षांत त्यानं साडेसहाशेहून जास्त इनिंग टाकल्या. १९६५ ला २७ आणि १९६६ ला २७ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं. आजच्या कुठल्याही संघात हे कोणी होऊ देणार नाही. वेदना दाबून खेळणाऱ्यांचं आपल्याकडेही फार कौतुक होतं, आणि नंतर ते माझ्यासारखीकडे येतात. म्हणून केदारदादांशी सहमत. त्यानं थांबायचं ठरवलं ते अतिशय योग्य केलं.

शलाका

रेवती, ते 'टॉमी जॉन ऑपरेशन' म्हणतात ते तेव्हा असतं तर तो वाचला असता का?

फिजिओ_रेवती

ते फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये पहिल्यांदा केलं, तेही डॉजर्सच्याच पिचरवर, आणि जोब हे केर्लन यांचे भागीदार. त्यात फाटलेल्या लिगामेंटच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवतात. झिजलेला सांधा त्यानं नवा होत नाही. वाढलेली हाडं आज दुर्बिणीतून साफ करता येतात, त्यानं त्याला काही मोसम कदाचित मिळाले असते.

जळगाव_सॉफ्टबॉल

नमस्कार. मी शाळेत खेळ शिकवतो. आमच्याकडे सॉफ्टबॉल जोरात आहे, आता बेसबॉललाही मुलं येतात. चांगला हात असलेला एखादा मुलगा सापडला की सगळे सामने त्यालाच टाकायला लावतात. पालकही, आम्हीही. इथलं वाचून अस्वस्थ झालो. रेवतीताई, १२ वर्षांच्या मुलानं दिवसाला किती चेंडू टाकावेत याचा काही धरबंध आहे का? आणि केदारसर, निवृत्तीनंतर कोफॅक्सनं कोणाला शिकवलं का?

केदार_पॅसाडेना

सर, शिकवलं. आधी एनबीसी वाहिनीवर समालोचनाचा दहा वर्षांचा करार होता, पण कॅमेऱ्यासमोर त्याचं मन रमेना, मुदतीआधीच सोडला. १९७२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या सन्मानयादीत, निवड झाली, वय ३६, तिथे इतक्या लहान वयात आजवर कोणी गेलेलं नाही. १९७९ पासून १९९० पर्यंत डॉजर्सच्या खालच्या लीगमधल्या पोरांना फ्लोरिडात व्हेरो बीचला शिकवत होता. स्वतःला ज्या टप्प्यावर शिकायला मिळालं नाही, नेमक्या त्या टप्प्यावरच्या पोरांना. २०२२ मध्ये डॉजर स्टेडियमबाहेर मेजर लीगमधला वर्णभेद मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या पुतळ्यालगत त्याचा पुतळा बसवला. १९५५-५६ ला दोघं एकाच संघात होते.

फिजिओ_रेवती

सर, अमेरिकेत बेसबॉलसाठी वयानुसार मर्यादा ठरवून दिल्या आहेत. ९–१० वर्षांना दिवसाला ७५ चेंडू, ११–१२ ला ८५, १३–१४ ला ९५. ही कमाल मर्यादा आहे, तेवढे टाकायलाच हवेत असं नाही. ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस पूर्ण विश्रांती. ज्यानं पिचिंग केलं त्याला त्याच दिवशी कॅचर करू नका, तिथूनही सारखं फेकावंच लागतं. वर्षातले निदान चार महिने फेकणं बंद. आणि मूल दुखतंय म्हणालं तर त्या दिवशी चेंडू काढून घ्या, फायनल असली तरी. सॉफ्टबॉलचं खालून फेकणं वेगळं असतं, त्यात खांदा आणि दंडाचा पुढचा भाग जास्त दुखतो. तुमच्या मुलांचे फेकतानाचे व्हिडिओ असतील तर व्यक्तिगत निरोपातून पाठवा, बघून सांगते.

जळगाव_सॉफ्टबॉल

आभारी आहे ताई. आकडे उतरवून घेतलेत, सोमवारी खेळाच्या खोलीत फळ्यावर लावतो. जिल्हा स्पर्धा तोंडावर आहे, एकाऐवजी तीन पिचर तयार करायला लागतो. व्हिडिओ रविवारी पाठवतो.